ग्वादालूपे मुलगा की मुलगी? नावांची यादी 'डेटा' म्हणून वापरण्याआधी

'मुलगा-मुलगी दोघांनाही चालणारी स्पॅनिश नावं, अर्थासहित' अशा याद्या ढिगाने सापडतात. बारशाला नाव शोधणाऱ्या आईबापांनी त्या खुशाल वापराव्यात. माझी तक्रार वेगळी आहे. शोधनिबंधांच्या लेखकांत स्त्रिया किती, हे मोजताना बरेचदा पहिल्या नावावरून लिंग ठरवतात आणि तिथे अशी यादी गुपचूप डेटा होऊन बसते. म्हणून एखाद्या पुस्तकाचं करतो तसं या याद्यांचं परीक्षण करू.

आधी 'अर्थ' हा रकाना. ग्वादालूपे घ्या. यादीत अर्थ असतो 'लांडग्यांची दरी' किंवा 'लांडग्यांची नदी'. व्युत्पत्ती अशी की पहिला भाग अरबी 'वादी', म्हणजे दरी किंवा नदीचं पात्र. दुसरा भाग लॅटिनमधल्या लांडग्याशी जोडतात, पण त्यावर मतभेद आहेत. आता मेक्सिकोचे पहिले राष्ट्राध्यक्ष (1824-1829) बघा: ग्वादालूपे व्हिक्तोरिया. पुरुष. हे त्यांचं जन्मनाव नव्हे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्यांनी ते स्वतः घेतलं. ग्वादालूपेची माता मेरी, आणि व्हिक्तोरिया म्हणजे विजय. यात लांडगा कुठे आहे? नावाची व्युत्पत्ती आणि नाव ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यादी पहिलीच देऊन मोकळी होते.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे नाव दोघांना चालतं ते भक्तीमुळे. मातेच्या नावाने मूल अर्पण करायचं, तर ते मुलगा आहे की मुलगी हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्रिनिदाद (त्रैक्य) आणि क्रूस (क्रूस म्हणजे क्रॉसच) हे शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, तरी पुरुषांनाही ही नावं आहेत. म्हणजे याद्या ज्याला 'आधुनिक, मोकळं' म्हणून विकतात, त्यातला मोठा भाग जुन्या कॅथलिक घरांतून आलेला आहे! शब्दांचा क्रमही बघावा लागतो: होसे मारिया हा पुरुष, मारिया होसे ही स्त्री. नाव मोकळ्या जागेवर तोडून एकेक शब्द मोजणारी यादी इथे गारद होते.

दुसरी गडबड बेरजेची. पाउ हे कॅटलान नाव लॅटिन 'पाउलुस'वरून आलं, अर्थ 'लहान'. कॅटलानमध्ये 'पाउ' म्हणजे शांतीसुद्धा, म्हणून यादीत बिनधास्त 'शांती' छापतात. चेलोवादक पाउ कासाल्स, बास्केटबॉलपटू पाउ गासोल, दोघेही पुरुष. पण मेक्सिकोत पाउला किंवा पाउलिनाला लाडाने पाउ म्हणतात. कॅटलोनियातले पुरुष आणि मेक्सिकोतल्या मुली एका ओळीत बसवल्या की नाव 'दोघांसाठी' झालं. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी कुणाचाच गोंधळ होत नाही. आंद्रेआचंही तेच: स्पेनमध्ये मुलीचं नाव, इटलीत मुलाचं. स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था किमान 20 जणांचं असलेलं प्रत्येक नाव स्त्री-पुरुष वेगळं करून देते, पण ती तिथे राहणाऱ्या सगळ्यांना मोजते. त्यात इटालियन आंद्रेआही आले. (आपल्याकडे 'कमल' आठवा. महाराष्ट्रात आजी, उत्तरेत आजोबा.)

नोआवर फार वेळ घालवायला नको. हिब्रूत नोआ हे स्त्रीचं नाव आणि जलप्रलयातल्या नोहाचं नाव वेगळ्या अक्षरांनी लिहितात. स्पॅनिशमध्ये तो नोहा 'नोएह' नव्हे, 'नोए' होतो. याद्या दोघांना एकत्र कोंबतात.

आणि काळ? तो या याद्यांत जवळपास नसतोच. अर्जेंटिनाच्या 1969 च्या नावविषयक कायद्यात, ज्या नावाने मुलाच्या लिंगाबद्दल संभ्रम होईल ते नोंदवायला मनाई होती. 2015 मध्ये नवी नागरी संहिता आली आणि ती अट गेली. स्पेनच्या जुन्या नोंदणी कायद्यातही लिंगाबद्दल चूक करायला लावणाऱ्या नावांवर बंदी होती. 2011 च्या नव्या कायद्यात ते कलम उरलं नाही आणि 2023 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं की नाव लिंगाशी जुळतं का, हे बघायचं नाही. म्हणजे 1975 साली ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेली व्यक्ती आणि 2020 साली जन्मलेलं बाळ यांच्या नावांमागे दोन वेगवेगळ्या चाळण्या आहेत.

तुमच्या प्रकल्पात पहिल्या नावावरून लिंग ठरवणार असाल, तर निदान नावासोबत देश आणि जन्मदशक हे दोन रकाने ठेवा. 'दोघांसाठी: हो/नाही' ऐवजी त्या देशात, त्या दशकात ते नाव असलेल्यांपैकी स्त्रिया किती टक्के, हा आकडा लिहा. स्पेनसाठी दशकवार आणि प्रांतवार आकडे त्याच सांख्यिकी संस्थेकडे मिळतात. आकडा मिळत नसेल तिथे रकाना रिकामा सोडा आणि किती रकाने रिकामे राहिले, ते पद्धतीच्या प्रकरणात सांगा; परीक्षक तिथेच पहिला प्रश्न विचारतो.