लादलेला ढोल, हिरावलेला ढोल : ‘उस्फ्रेट’च्या निमित्ताने

आमच्या आज्याचे डफडे मी पाहिलेले नाही. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात १९५६च्या धम्मदीक्षेनंतर मेलेले ढोर ओढणे सुटले, तसे पाटलाच्या वरातीपुढे वाजवणेही सुटले. आज्याने डफडे चुलीत घातले, असे आजी सांगायची. तो नकार योग्यच होता. पण त्या नकाराची एक किंमतही आपण मोजली आहे. आपले कान तालाला बुजले. भीमगीतांवर आपण लिहितो ते त्यांच्या शब्दांवर. ढोलकी काय म्हणते आहे, यावर सहसा एक वाक्यही नसते.

हे सगळे मनात आले ‘उस्फ्रेट’ ऐकताना. मुंबईत १९५१ साली जन्मलेले तबला व ड्रमवादक त्रिलोक गुर्टू यांची ही ध्वनिमुद्रिका जर्मनीतल्या सीएमपी कंपनीने १९८८ साली काढली. जॅझची मोकळी बढत, फंकचा अंगात शिरणारा ठेका आणि त्यावर शोभा गुर्टू यांचा ठुमरीत मुरलेला आवाज. शोभाबाई या त्रिलोक यांच्या आई. बास गिटारवर योनास हेलबोर्ग, व्हायोलिनवर एल. शंकर, ट्रम्पेटवर डॉन चेरी.

अशा संगीताला ‘पूर्व-पश्चिम संगम’ म्हटले की प्रस्थापित समीक्षा मोकळी होते. नद्या उताराने मिळतात. माणसे तशी मिळत नाहीत. इथे कोण कोणाला भेटले ते पाहावे. शोभाबाई १९२५ साली बेळगावात जन्मल्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर व्यावसायिक नर्तकी होत्या आणि अल्लादियाखाँसाहेबांकडे गाणे शिकल्या होत्या. ज्या बायकांचे गाणे समाजाने डोक्यावर घेतले, पण ज्यांना आपल्या घरात घेतले नाही, त्यांच्या परंपरेतून हा आवाज आला आहे. आणि डॉन चेरी हा ओक्लाहोमात जन्मलेला कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक. त्याच्या पूर्वजांचा ढोल कायद्याने बंद केला गेला होता. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात ढोल वाजवत गुलामांनी बंड केले, आणि १७४०च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्याचीच बंदी झाली. मग ताल टाळ्यांत गेला, पायांत गेला. फंकच्या बासमध्ये आजही तोच धडधडतो.

१९७२ साली आपण ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, कृष्णवर्णीयांच्या कवितेशी नाते सांगितले. ते खरेच आहे. पण त्यांच्याकडून ढोल हिरावला गेला, आपल्यावर तो लादला गेला. त्यांच्यासाठी ढोल पुन्हा हाती घेणे म्हणजे मुक्ती होती, तर आपल्याला मुक्तीसाठी तो खाली टाकावा लागला. हा फरक आपल्या लेखनात फारसा येत नाही.

‘शोभारॉक’ या रचनेत आईचा आवाज येतो आणि मुलाचा ठेका त्याच्याशी भांडत नाही. तो आवाजाखालची जमीन हलती ठेवतो. एरवी ठुमरीत तबलजी गायिकेच्या मागे असतो, इथे तो बरोबरीने बोलतो. त्रिलोक खुर्चीवर बसून ड्रम वाजवत नाहीत, जमिनीलगत गुडघे टेकून वाजवतात. तबल्याचे बोल तोंडाने म्हणतात. वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि तिचा सूर वाकवतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो होतो, नंतर नाही.

एक टोचणी मात्र राहते. त्रिलोक जमिनीवर बसले ते स्वतःच्या मर्जीने. आमच्या आज्याला जमीन दाखवली गेली होती. गावकीची सक्ती नसलेला हात असा खेळू शकतो, हे ऐकताना आनंद होतो आणि हेवाही वाटतो. आणखी एक तक्रार : शोभाबाईंना या ध्वनिमुद्रिकेत याहून जास्त जागा हवी होती. त्या पाहुण्यासारख्या येतात, आणि त्या थांबल्या की पुढचे वादन, कितीही कसबी असले तरी, काही वेळ पोरके वाटते.

गेल्या १४ एप्रिलला अकोल्यात मिरवणुकीत एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा ताशा वाजवत होता. बिदागी ठरलेली नव्हती, कोणी हाक मारून बोलावले नव्हते. मधेच त्याने ठेका मोडला, दोन मात्रा रिकाम्या सोडल्या आणि हसत पुन्हा समेवर आला. पुढे चौकात भाषणे सुरू झाली होती. मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहत तिथेच उभा राहिलो.