देवघेव नोंदवहीतली बालकविता

मराठीत बालकवितेचा दुष्काळ कधीच नव्हता, आणि आज तर पीक अमाप आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले संग्रह ओळीने वाचत गेले की वैताग येतो तो त्यांच्या सारखेपणाचा. झाडे लावा, पाणी वाचवा, मोबाइल बाजूला ठेवा, आजीजवळ बसा. फुलपाखरू पहिल्या कडव्यात येते आणि दुसऱ्या कडव्यात परागीभवनाचे महत्त्व सांगून जाते. चिऊताई घरटे बांधायला घेते आणि शेवटच्या दोन ओळींत सिमेंटच्या जंगलाविरुद्ध निवेदन देते. प्रस्तावनेत ‘संस्कारक्षम’ हा शब्द असतोच. तो नसेल तर पुस्तक छापायला नकार मिळत असावा. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 मध्ये सुरू झाला आणि मराठीत तो बहुतेक वेळा गद्याकडे गेला. 2023 मध्ये एकनाथ आव्हाडांच्या ‘छंद देई आनंद’ या कवितासंग्रहाला तो मिळाला, तेव्हा बालकवितेची थोडी चर्चा झाली, हे बरेच झाले. पण चर्चा कवींची झाली. ही कविता मुलाच्या कानापर्यंत नेते कोण आणि कानावर पडल्यावर तिचे काय होते, हे कोणी विचारले नाही. विचारायचे ठरवलेच, तर उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस आहे: शाळेचा ग्रंथपाल. त्याला आपण बालसाहित्याच्या समीक्षेत कधी बसूच दिले नाही, आणि आजच्या बालकवितेचे बरेचसे दुखणे तिथून सुरू होते.

आधी चांगले काय ते ठरवू. विंदा करंदीकरांनी 1961च्या ‘राणीची बाग’पासून 1993पर्यंत डझनभर बालकवितासंग्रह दिले. त्यांना ज्ञानपीठ मिळाले तेव्हा गौरवाच्या भाषणांत हे संग्रह शेवटच्या परिच्छेदात यायचे, जणू मोठ्या कवीने सुटीच्या दिवशी केलेला उद्योग. प्रत्यक्षात त्यांच्या प्रौढ कवितेतली वैचारिक खोडी इथे सर्वात मोकळी सुटलेली आहे. ‘एटू लोकांचा देश’ घ्या. तिथले सगळे आपल्या रीतीपेक्षा वेगळे, आणि ते वेगळे असणे कवी कुठेही दुरुस्त करत नाही. मुलाला एक गोष्ट न सांगता कळते: नियम ही माणसांनी केलेली वस्तू आहे आणि ती हसण्याजोगी असू शकते. आठ वर्षांच्या मुलाला याहून मोठा विचार कोणता द्यायचा? ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’मध्ये भुताला घालवून देण्याचा, ‘भूत वगैरे नसते बाळा’ असे समजावण्याचा शहाणपणा कवी करत नाही. तो भुताला नात्यात घेतो. भीती तशीच राहते, पण तिला नाव मिळते, घर मिळते, मावशीपण मिळते. या कवितांत अर्थाआधी आवाज येतो; शब्द जिभेवर घोळला की चित्र उमटते आणि मग अर्थ धापा टाकत मागून येतो. पाडगावकरांच्या भोलानाथाला मूल जे विचारते, त्यात तर शाळेला सुटी मिळावी ही उघड इच्छा आहे. शाळेविरुद्धची ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या शाळेतच सामुदायिक आवाजात गायली गेली आणि कोणाचेही संस्कार बिघडले नाहीत. या परंपरेत मूल कवितेच्या आत उभे राहून बोलते. आजच्या कवितेत ते समोर बाकावर बसलेले असते, हाताची घडी घालून.

यावर ठरलेला आक्षेप असा की उपदेश काही आजचा नाही, जुन्या बालकवितेतही तो होताच. होता. पण कसा होता ते पाहावे. ग. ह. पाटलांच्या गाजलेल्या प्रार्थनेत मूल देवाशी बोलते, आकाशाचे कौतुक करते. मोठा माणूस मुलाशी बोलत नाही. दत्त कवींचे अंगाईगीत एकोणिसाव्या शतकातले. त्यात आई बाळाला झोपवता झोपवता मोडक्या घराचे दारिद्र्य सांगते, आणि ते सांगणे बाळाने काही शिकावे म्हणून नाही. तिला दुसरे कोणी ऐकणारे नाही म्हणून आहे. दोन्ही कवितांत बोलणाऱ्याला काहीतरी हवे आहे. आजच्या बहुतेक बालकवींना मुलाकडून फक्त सुधारणा हवी असते. बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात: पडद्यावर नाचणाऱ्या प्राण्यांची व्हिडिओगीते हा बेबीसिटिंगचा धंदा आहे, त्याला कवितेच्या पंगतीत पान वाढायची गरज नाही. आणि सणावारांच्या, थोर पुरुषांच्या जयंतीच्या कविता सूत्रसंचालकांच्या सोयीसाठी असतात.

उपदेशाइतकेच नुकसान छंदाच्या ढिलाईने केले आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते ऐकल्याशिवाय दिसत नाही. मराठी बालगीताची चाल बहुधा आठ मात्रांच्या आवर्तनाची. पादाकुलकात ती आठ-आठच्या जोड्यांनी चालते आणि मुलाच्या पावलांना, टाळीला, दोरीवरच्या उड्यांना ती आपोआप जुळते. आता मोबाइलवरच्या समूहांत ‘अष्टाक्षरी’च्या स्पर्धा भरतात. तिथे ओळीत आठ अक्षरे मोजली की काम झाले. अक्षरछंदात लघुगुरूचे बंधन नसते हे खरे, आणि त्याचा दाखला हे कवी हमखास देतात. पण ते बंधन नसते कारण जात्यावर ओवी म्हणताना प्रत्येक अक्षर ओढून दीर्घ केले जाते. छंद तिथे गळ्यात असतो. मूल पुस्तकातली ओळ ओढून म्हणत नाही. ते बोलल्यासारखी म्हणते, आणि मग ‘पर्यावरण’, ‘स्वच्छता’ असे जोडाक्षरी शब्द वाटेत दगडासारखे लागतात. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त केवढे काम करून ठेवले, ते पुस्तक स्पर्धेच्या परीक्षकांनी उघडावे असे म्हणणेही आता आगाऊपणाचे वाटते. शाळेत हा दोष झाकला जातो, कारण पाठ्यपुस्तकातली प्रत्येक कविता वर्गात एकाच चालीत म्हटली जाते. त्या चालीत वर्तमानपत्रातली निविदाही बसेल.

दोष उघडा पडतो तो प्रकटवाचनात. ग्रंथालयाच्या तासाला, किंवा बदली तासाला सोडलेल्या चाळीस मुलांसमोर, ग्रंथपाल एक कविता मोठ्याने वाचतो. चाल लावून नाही, नुसती वाचतो. दुसऱ्या कडव्याला कोण खिडकीबाहेर बघू लागते, कोणता शब्द ऐकून मागच्या बाकावर खुदखुद होते, कोणती ओळ वाचून व्हायच्या आत मुले स्वतःच पुरी करतात, हे त्याला दिसते. ओळ मुलांनी आधीच पुरी करणे ही यमकाची खरी परीक्षा आहे. अंदाज बरोबर आला तर आनंद, कवीने चकवले तर दुप्पट आनंद. आणि अंदाज करावासाच वाटला नाही, तर कविता तिथेच गेली. बालसाहित्यावरच्या परिसंवादात बसलेल्या आम्हा मंडळींपैकी किती जणांना हे आठवड्यातून एकदा तरी पाहायला मिळते? ग्रंथपालाला ते रोज दिसते. त्याच्याजवळ आणखी एक पुरावा असतो, देवघेव नोंदवही. कोणते पुस्तक किती वेळा गेले यापेक्षा तेच पुस्तक त्याच मुलाने पुन्हा कधी मागितले, हे तिच्यात वाचायचे असते. कोणता संग्रह दोनदा बाइंडिंगला गेला आणि कोणता दाखल नोंदवहीत नाव चढवल्यापासून कोरा करकरीत उभा आहे, हे कपाटच सांगते. यापेक्षा नेमकी समीक्षा आपल्या नियतकालिकांतून क्वचित येते.

लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे, असे इथे कोणीतरी म्हणणार. मुले तर भडक चित्रांचे विनोदसंग्रहही पुन्हा पुन्हा मागतात. मान्य, पण म्हणूनच ग्रंथपाल हवा, नुसता आकडा नको. हसून विसरलेले पुस्तक आणि महिन्याने घोकत आलेली ओळ यांतला फरक त्याला कळतो, कारण मूल त्याच्या ओळखीचे असते. शिवाय काय वाचायचे हे तोच बदलू शकतो. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’ने नेमके हेच करून दाखवले. मोठ्यांसाठी लिहिलेल्या साहित्यातले उतारे, कविता आणि भारतीय चित्रकारांची चित्रे एकाच पानावर ठेवून, मुलाला झेपणार नाही असे आधीच गृहीत धरू नका, हे त्या पुस्तकांनी न बोलता सांगितले. पण ‘वाचू आनंदे’ नुसते कपाटात ठेवले तर ते जाड पुस्तक आहे. कोणीतरी ते उघडून त्यातले चित्र मुलांसमोर धरावे लागते. हिंदीत भोपाळच्या ‘इकतारा’ या संस्थेची ‘प्लूटो’ आणि ‘सायकल’ ही द्वैमासिके पाहिली की हेवा वाटतो. विनोदकुमार शुक्ल यांच्यासारखा कवी तिथे मुलांसाठी लिहीत होता, आणि मुलांच्या कवितेत न समजणाऱ्या ओळीलाही जागा होती. गोव्यात ‘बुकवर्म’ या संस्थेने शाळांमधून ग्रंथालयाचा तास चालवून दाखवला आहे. आपल्याकडे ‘किशोर’ मासिक 1971च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. साहित्य नाही अशी सबब कोणाला सांगता येणार नाही. नाही तो वाचून दाखवणारा माणूस.

आणि तो का नाही, याचे उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके हवीत, असे स्वच्छ लिहिले आहे. शिक्षक किती हवेत तेही आहे, कला आणि शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशकही आहेत. ग्रंथपाल नाही. पुस्तके स्वतःच उठून मुलांकडे चालत जातील, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असावे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा, आपण त्याचा अभिमान बाळगतो. तो गावच्या वाचनालयाचा आहे, शाळेच्या कपाटाचा नाही. माध्यमिक शाळांत जिथे पद आहे तिथे पुष्कळदा ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ नावाची अजब चीज आहे, आणि त्या अर्ध्या वेळातही पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती भरणे, गैरहजर शिक्षकांचे तास. कविता वाचायची ती मधल्या सुटीत. प्राथमिक शाळेत तेही नाही. तिथे कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते, आणि पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची या धास्तीने ती खणातच राहते.

मग वाचनाचे काय? वाचनासाठी आपण दिवस नेमला आहे. 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. सतरंजीवर पुस्तके मांडायची, मुलांना रांगेने बसवायचे, छायाचित्र वर पाठवायचे, पुस्तके कपाटात परत. आणि वाचनासाठी आपण मापही नेमले आहे. ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेच्या उद्दिष्टानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत. मूल अडखळत वाचते तिथे अशा मापाचा उपयोग आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अक्षर न ओळखणाऱ्या मुलाला विंदा देऊन काय करणार, हा आक्षेप खरा आहे. पण एकदा माप आले की वर्ग मापाकडे बघून चालू लागतो. कविता या मापात सर्वात आधी नापास होते. तिच्यात थांबायचे असते. एकच शब्द चारदा म्हणून पाहायचा असतो, मागे जायचे असते, मधेच हसायचे असते. घड्याळ लावून वाचलेली कविता आणि न वाचलेली कविता यांत फारसा फरक उरत नाही. आणि मिनिटाला साठ शब्द वाचता आलेले मूल पुढे वाचणार काय, हे कोणत्याही तक्त्यात नाही.

पैसा नाही, हे शेवटचे उत्तर. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पाच हजारांत चांगले कवितासंग्रह पन्नास तरी येतात. चोवीस-बत्तीस पानांचीच तर ती पुस्तके. प्रश्न असा की ती निवडतो कोण. यादी वरून आली की तिच्यात चरित्रे, बोधकथा आणि सवलतीत मिळणारे संच असतात, आणि कविता पातळ पुस्तकांत असल्यामुळे ‘ऐवज’ वाटत नाही. मग प्रकाशक कविता काढायला कचरतो. काढलीच तर प्रस्तावनेत ‘संस्कारक्षम’ घालतो, कारण यादी करणाऱ्या समितीला तोच शब्द दिसतो. कवी तो शब्द वाचून पुढची कविता लिहितो. पहिल्या परिच्छेदातल्या फुलपाखराने परागीभवनावर भाषण का केले, ते इथे कळते: त्याला मुलापर्यंत जायचेच नव्हते, समितीपर्यंत जायचे होते. ज्याने ते चाळीस मुलांसमोर वाचले असते आणि दुसऱ्याच कडव्याला पुस्तक मिटले असते, त्याची सही त्या खरेदीवर नाही. ती सही आधी घ्या. दिवाळी अंकांनी बालकवितेच्या पुरवणीत नव्या कवितांसोबत चार पाने शाळांच्या ग्रंथपालांच्या नोंदींना द्यावीत, नाव-गाव शाळेचे न छापता: कोणती कविता वाचली, कुठे थांबावे लागले, कोणी पुन्हा मागितली. पानांची सोय संपादक उद्या करू शकतील. नोंदी लिहायला ग्रंथपालाला वेळ मिळायचा, तर त्याच्या पदाच्या नावातला ‘अर्धवेळ’ मात्र सरकारलाच खोडावा लागेल, आणि जिथे पदच नाही तिथे ते आधी निर्माण करावे लागेल.