चेहऱ्याची संहिता आणि मोजपट्टी

चेहरा वाचणाऱ्या यंत्रणांच्या वंशभेदी व लिंगभेदी वर्तनाची चर्चा बहुधा ‘अपुरी विदा’ या कारणापाशी थांबते. सावळ्या स्त्रियांची छायाचित्रे वाढवली की दोष दूर होईल, असे तीत गृहीत असते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत मात्र ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. पण ही चूक मोजण्यासाठी त्यांनाही त्वचारोगशास्त्रातील फिट्झपॅट्रिकची सहा वर्णांची श्रेणी आणि स्त्री/पुरुष हे द्वंद्व स्वीकारावे लागले. तृतीयपंथी चेहऱ्याचे ‘अचूक’ वाचन या चौकटीत संभवतच नाही.

मराठी अभ्यासकाला हा पेच नवा वाटू नये. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला वंशनिश्चितीचे प्रमाण मानले व मराठे, कुणबी यांना ‘सिथो-द्राविडी’ ठरवले. (राजापुरातील माझ्या वर्गात कुणबी घरांतले विद्यार्थी पुष्कळ, हा शब्द ऐकून ते प्रथम हसतात.) इरावती कर्वे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असावा, ही फिशर यांची अपेक्षा. कर्वे यांच्या मोजमापांतून तिला आधार मिळाला नाही. मोजपट्टी त्यांनी नाकारली नव्हती. पुढे महाराष्ट्रातही त्यांनी देहमापन केलेच. परंतु फिशर यांचे गृहीतक विधानरूपात समोर होते, म्हणून एका विद्यार्थिनीला ते खोडता आले.

आजच्या यंत्रात गृहीतक असे विधानरूपात सापडत नाही. ते असंख्य छायाचित्रांवर डकवलेल्या नामपट्ट्यांत विरघळलेले असते. वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराहून हा व्यवहार मला अधिक दुर्भेद्य वाटतो.

जुलै २०२५ पासून अंगणवाडीतील घरपोच आहारासाठी लाभार्थी मातेची चेहरा-पडताळणी सक्तीची झाली. येथे लिंग वा वर्ण ठरवला जात नाही, दोन प्रतिमांचे साम्य तपासले जाते, हे खरे. पण किती साम्य म्हणजे ‘तीच व्यक्ती’, हा उंबरठा कोणीतरी, कोणत्यातरी चेहऱ्यांवर ठरवलेला असतो. राजापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत यंत्राने नकार दिला, तर सेविका त्या मातेला पुन्हा उजेडात उभी करील, डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगेल. उंबरठ्याविषयीचा प्रश्न त्या दोघींनी कोणाला विचारायचा?