शिसे गेले कुठे?

आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रदूषणाचा धडा सहसा कप्प्याकप्प्यांनी येतो : हवेचे, पाण्याचे, जमिनीचे. शिकवायला आणि परीक्षेला ही मांडणी सोयीची आहे, हे मान्य. पण पदार्थ हे कप्पे पाळत नाहीत. शिशाचे उदाहरण घेतले की या मांडणीतली उणीव लक्षात येते.

शिसे बहुधा हवेच्या कप्प्यात, वाहनांच्या धुरासोबत भेटते. इंजिनातील ‘नॉकिंग’ टाळण्यासाठी १९२३ पासून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळू लागले. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. २०२१ मध्ये अल्जीरियातही शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली आणि रस्त्यावरील वाहनांपुरता हा अध्याय जगभर संपला. विद्यार्थी समजतो, प्रश्न सुटला. आमचा आक्षेप इथेच आहे. पंचाहत्तरहून अधिक वर्षे बाहेर पडलेले शिसे गेले कुठे, हे धडा विचारतच नाही.

उत्तराला लागणारे विज्ञान त्याच पुस्तकात असते. शिसे हे मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याचे विघटन करू शकत नाहीत आणि ते जळून नाहीसेही होत नाही. इंजिनातून ते ब्रोमीन-क्लोरीनच्या संयुगांच्या रूपाने बाहेर पडे. त्यातले मोठे कण रस्त्याकडेलाच बसत. मातीतील चिकण कण आणि सेंद्रिय पदार्थ शिशाला धरून ठेवतात, त्यामुळे पावसानेही ते सहजी खाली झिरपत नाही. वरच्या थरातली ही माती सुकली की वाऱ्याने, चाकांनी पुन्हा धूळ होऊन उडते. म्हणजे जमिनीचा कप्पा परत हवेत!

अमेरिकेतील बाल्टिमोर शहर व परिसरातल्या ४२२ भाजीपाल्याच्या बागांची माती हॉवर्ड मिल्के व सहकाऱ्यांनी तपासली आणि निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचा दोष तोवर मुख्यतः जुन्या घरांच्या रंगाला दिला जाई. पण मातीत शिसे एकवटले होते ते शहराच्या मध्यभागी, आणि तिथली घरे तर बहुतांशी न रंगवलेल्या विटांची. रंग हेच एक कारण असते, तर नकाशा असा दिसला नसता. जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम हेही तिथेच दाटलेले होते. वर्दळीच्या रस्त्यांकडे बोट दाखवणारा हा पुरावा धड्यातल्या व्याख्यांपेक्षा कितीतरी अधिक शिकवतो.

याची किंमत मोजतात ती लहान मुले. ती मातीत खेळतात आणि तोच हात तोंडात घालतात. कॅल्शियम ज्या वाटेने आतड्यातून रक्तात जाते, त्याच वाटेने शिसेही जाते. आहारात कॅल्शियम वा लोह कमी असेल तर अधिकच. मेंदूच्या वाढीला ते बाधते. त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

धुळीसाठी सुचवला जाणारा लोकप्रिय उपक्रम म्हणजे व्हॅसलीन लावलेले कार्ड. त्याने धूळ किती, हे कळते. धुळीत काय, हे कळत नाही. चुंबकाला चिकटतात ते लोहयुक्त कण, शिसे नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. उपक्रमाची ही मर्यादा मुलांना सांगणे हाही विज्ञान-शिक्षणाचाच भाग आहे.

शिवाय विषय जुना झालेला नाही. टायरच्या झिजेतून जस्त, ब्रेकच्या झिजेतून तांबे आजही रस्त्यावर पडते, आणि टायर विजेवरच्या गाड्यांनाही असतात.

म्हणून आम्ही सुचवतो की धडा कप्प्यांऐवजी तीन प्रश्नांवर उभा करावा : पदार्थ आला कुठून, कोणत्या वाटेने गेला, आता आहे कुठे? तोवर रस्त्यालगतच्या शाळांनी एवढे तरी करावे. वर्ग कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा, मैदानाच्या उघड्या मातीवर गवत वाढवावे आणि डबा उघडण्यापूर्वी मुलांना साबणाने हात धुवायला लावावे.