ओसाड गडाचे सौंदर्य आणि पन्हाळ्याचे रहिवासी

मराठी दुर्गवर्णनाचा नायक तट असतो. माणूस असलाच तर इतिहासातला. गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ हा अपवाद. पण मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला तो एकाकी म्हाताराही निसर्गाचाच अंश होऊन राहतो. पन्हाळा या सौंदर्यदृष्टीत बसत नाही. ते तालुक्याचे ठिकाण. तेथे नगरपरिषद आहे आणि सुमारे ३ हजारांची वस्ती तटाच्या आत नांदते. आर्याकार मोरोपंत १७२९ साली जन्मले ते याच गडावर. तरी वाङ्मयात पन्हाळा उरतो तो १६६०च्या वेढ्यापुरता.

ही केवळ वाङ्मयीन उणीव असती, तर चर्चा अभिरुचीपाशी थांबली असती. परंतु ‘संवर्धन’ ही संज्ञा याच दृष्टीतून अर्थ घेते. २०१०च्या कायदादुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आहे; घराच्या डागडुजीलाही परवानगी लागते. जुलै २०२५मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. परवानगीचे कागद हलविण्याची ऐपत ज्याला नाही, त्याने पावसाळ्यापूर्वी शाकारलेले छप्पर ‘अनधिकृत’ ठरते. (हॉटेलमालकाला हीच अडचण निराळ्या प्रमाणात भेटते.) गिरणगाव मोडले तेव्हा जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये तेथील कुटुंब निदान आपल्या बोलीत भांडू शकले. दुर्गवाङ्मयाने गडाच्या रहिवाशाला अशी बोली दिलेली नाही. त्याच्या हाती आहे ती अर्जाची भाषा.