गोचीड-ज्वरातील नेत्रलक्षण : अकोल्याच्या गुणांकन-पद्धतीचे परीक्षण

अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ नरेंद्र राठी व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात मांडलेली ठिपकेदार ज्वराची गुणांकन-पद्धती वऱ्हाडास विशेष उपयुक्त आहे, यात संशय नाही. ३५ पैकी १४ गुण भरले की रिकेट्सियाजन्य ज्वर मानावा, असे ती सांगते. मग प्रयोगशाळेच्या निर्णयासाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन देता येते. स्रावरहित नेत्ररक्तिमेस तीत २ गुण आहेत. डोळे आले असता चिपडे येतात. येथे ती येत नाहीत, हा भेद खेड्यातील डॉक्टरासही सहज उमगावा. परंतु गोचीड चावल्याबद्दल ३ गुण देणे व्यवहारात कितपत फलदायी? अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ खेड्यांत गोठा घराला लागूनच असतो; गोचिडीचा संपर्क नित्याचा, आणि तिची बारीक पिल्ले तर नजरेसही पडत नाहीत. याहून मोठी उणीव अशी की, ही पद्धती डोळ्याच्या बाह्य लालीपाशीच थांबते. खैरल्ला व सहकाऱ्यांनी २००४ साली ट्युनिशियातील रिकेट्सिया कोनोरायच्या रुग्णांत जालपटलाचा दाह दाखविला. त्यांपैकी अनेकांना दृष्टीची तक्रारच नव्हती. ज्या बालकास तक्रार सांगताच येत नाही, त्याचा नेत्रतल पाहण्यास तर अधिकच कारण आहे.