विहीर वगळून, विहिरीसकट

काश्मीरच्या उन्हाळ्यातली एक विहीर आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणू. पायऱ्यांची विहीर, आपल्याकडे जिला बारव म्हणतात, तिची एखादी धाकटी बहीणच म्हणा ना. एकेक पायरी उतरावी तसतसे ऊन वर राहत जावे, भिंतींचा ओलावा अंगाला जाणवावा आणि तळाशी पोचेपर्यंत ऋतूच पालटल्यासारखे वाटावे, असा तिचा गारवा. या गारव्याला गिऱ्हाईक होते. उन्हाळ्यात लोक आपली फुले आणि विड्याची पाने कोमेजू नयेत म्हणून त्या विहिरीत आणून ठेवीत आणि त्याचे भाडे देत. पाण्याचे भाडे नव्हे, थंडाव्याचे! एका बाईचे पोट त्या भाड्यावर चालायचे, असे ठरलेले होते.

ही विहीर आपल्याला भेटते ती काश्मीरच्या राजांची कथा सांगणाऱ्या कल्हणाच्या 'राजतरंगिणी'च्या सहाव्या तरंगात. आठ तरंग, साडेसात हजारांहून अधिक श्लोक, आणि त्यांतला शेवटचा, कवीच्या स्वतःच्या काळाचा तरंग जवळजवळ अर्ध्या ग्रंथाएवढा, असा या काव्याचा विस्तार. इसवी सन 1148 मध्ये कल्हणाने लेखणी उचलली आणि पुढच्या वर्षभरात ग्रंथ पुरा केला. एवढ्या मोठ्या प्रवाहात, जिथे राजे बुडबुड्यांसारखे उठतात आणि फुटतात, तिथे हा कवी एका विहिरीपाशी थांबतो, तिच्यात कोण काय ठेवते ते वाकून पाहतो, आणि आपल्यालाही पाहायला लावतो. विड्याच्या पानांचेच घ्या. पानवेल काश्मीरच्या थंडीत होत नाही. ते पान दुरून, डोंगर ओलांडून यायचे आणि म्हणून ते चैनीचे होते. किती चैनीचे, ते कल्हणच पुढच्या तरंगात सांगतो: अनंत नावाच्या राजाला पानाचा असा नाद लागला की पान पुरवणाऱ्या पद्मराज नावाच्या परदेशी व्यापाऱ्याकडे राज्याचा मुकुट आणि सिंहासन गहाण पडले, आणि शेवटी राणी सूर्यमतीने ते सोडवून घरात शिस्त आणली. हे ठाऊक असले की विहिरीतल्या त्या पानांकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो. तिथला गारवा फुकट वाटण्यासारखा नव्हता, त्याला बाजारभाव होता.

आता कथा. दहाव्या शतकात, 939 साली, ब्राह्मणांच्या सभेने यशस्कर नावाच्या पुरुषाला काश्मीरच्या गादीवर बसवले. एके दिवशी राजाला वर्दी मिळते की एक माणूस प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला, बसला आहे. राजा त्याला बोलावून विचारतो. तो सांगतो: मी एकेकाळी श्रीमंत होतो, दैव फिरले, कर्जापायी राहते घर एका वाण्याला विकले. पण विकताना पायऱ्यांची विहीर तेवढी बाजूला ठेवली, बायकोला आधार राहावा म्हणून, आणि परदेशी गेलो. बरीच वर्षे भटकून थोडी गाठ बांधून परत आलो, तर बायको वाळून कोळ झालेली, दुसऱ्यांच्या घरी राबते आहे. वाण्याने तिला विहिरीवरून हाकलून दिले होते. न्यायाधीशांकडे गेलो, प्रत्येक वेळी हरलो. आता तुमच्या दारात मरतो.

न्यायाधीशांचे म्हणणे सरळ आहे. खरेदीखत पाहा. त्यात घर 'कूपसहित', विहिरीसकट विकल्याचे स्वच्छ लिहिले आहे.

राजा खत पाहतो. अक्षरे तेच सांगतात. सभासद माना डोलावतात. आणि इथे कल्हण आपली खरी कळ दाबतो: राजाचे मन मानत नाही. कागद एक सांगतो आहे आणि समोरच्या माणसाचा चेहरा दुसरे. अशा वेळी बहुतेक राजे कथांमध्ये काय करतात, ते आपल्याला पाठ आहे. कुणी दिव्य करायला लावतो, कुणी रात्री वेष पालटून फिरतो, कुणी तलवार मागवतो. यशस्कर यातले काहीच करत नाही. तो गप्पा मारू लागतो. इकडचे तिकडचे बोलणे काढतो, सभासदांच्या अंगावरची रत्ने पाहायला मागतो, हसत हसत एकेकाचा दागिना हातात घेऊन निरखतो, आणि त्या ओघात वाण्याच्या बोटातली अंगठी त्याच्या हाती येते. मग पाय धुण्याच्या निमित्ताने तो आत जातो, एका नोकराला ती अंगठी खूण म्हणून देऊन वाण्याच्या घरी पाठवतो आणि तिथल्या कारकुनाकडून एकच वस्तू मागवतो: ज्या वर्षी खत झाले, त्या वर्षाची हिशेबाची वही.

वही आली. राजाने खर्चाची बाजू वाचली. तिथे नोंद होती: खत लिहिणाऱ्या सरकारी लेखनिकाला एक हजार दिन्नार.

या ओळीवर आपण थोडे रेंगाळू, कारण सगळ्या कथेची नाडी इथे लागते. साध्या खताला थोडकी दक्षिणा पुरते. मग हजार कशाला? आणि हजार म्हणजे किती, हेही कल्हणाच्याच ग्रंथातून ताडता येते. अवंतिवर्म्याच्या कारकिर्दीत सुय्य नावाच्या कल्पक पुरुषाने वितस्तेचे, म्हणजे झेलमचे, पात्र मोकळे करून पूर आवरले, नवी जमीन लागवडीला आणली, आणि ज्या एका खारी तांदळाला पूर्वी बऱ्या सालात 200 दिन्नार पडत, तो 36 दिन्नारांवर आला, असे कल्हण पाचव्या तरंगात सांगतो. खारी म्हणजे गाढवाच्या पाठीवर मावेल एवढे ओझे. काश्मिरात पुढे तिलाच खरवार म्हणू लागले. यशस्कराचा काळ त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक पुढचा, मध्ये दुष्काळही होऊन गेलेला, त्यामुळे भाव नेमका तोच असेल असे नाही. तरी अंदाजाला हरकत कसली? जुन्या भावाने हजार दिन्नारांचा तांदूळ पाच गाढवांवर मावला असता. सुय्याच्या स्वस्ताईत 27 गाढवेही पुरली नसती. हा सगळा तांडा त्या लेखनिकाच्या दारात उतरला तो एका अक्षरासाठी. 'कूपरहित' मधल्या 'र'चा 'स' करण्यासाठी.

मूळ खत शारदा लिपीत असणार. पण आपल्या देवनागरीतही ही लबाडी करून पाहण्यासारखी आहे. कागद घ्या, 'रहित' लिहा. आता 'र'च्या मधोमध एक आडवी रेघ काढून तिला एक उभा दंड जोडा. झाला 'सहित'. खोडायला काही लागले नाही, पुसायला काही लागले नाही, फक्त थोडी भर घातली. 'वगळून'चे 'सकट' झाले, एका बाईची विहीर गेली, एक पुरुष मरायला बसला. संस्कृत कवींनी श्लेषाचे खेळ हजारो केले, एका अक्षरावर दोन अर्थ तोलून धरण्यात त्यांचा हात कोण धरणार! पण अक्षर बदलले की माणसाची चूल विझते, असा श्लेष मला तरी दुसरीकडे भेटलेला नाही. कल्हणाचा कारकून मंडळींवरचा राग ग्रंथभर प्रसिद्ध आहे. कायस्थांवर तो संधी मिळेल तिथे कोरडे ओढतो, आणि कधी कधी हा राग न्यायाची मर्यादाही सोडतो असे मला वाटते. इथे मात्र तो आवाज चढवत नाही. रकमेचा आकडा देतो आणि गप्प बसतो.

आणि आता आपण राजाकडून कवीकडे वळू. कारण अंगठीची युक्ती चतुर असली तरी या कथेतली थोर गोष्ट ती नव्हे. थोर गोष्ट ही की राजाने खताची सत्यता खतातच शोधली नाही. खत हा दुसऱ्याला दाखवण्यासाठी लिहिलेला कागद. हिशेबाची वही माणूस स्वतःसाठी लिहितो. वाण्याने जगाला फसवले, पण आपल्या वहीला फसवण्याचे त्याला कारणच नव्हते; उलट दिलेली लाचही त्याने व्यवस्थित खर्ची टाकली, व्यापारी तो! जो कागद कुणाला पटवण्यासाठी लिहिलेला नाही तो अधिक खरे बोलतो, हे आज इतिहासाच्या अभ्यासकाला पहिल्या वर्षी शिकवावे लागते. आपल्याकडे बखरीपेक्षा अस्सल पत्र, हुकूम आणि जमाखर्च यांना मान द्या, असे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी कळकळीने सांगितले ते याच जातीचे शहाणपण. बाराव्या शतकातल्या या काश्मिरी कवीने ते सिद्धांत म्हणून मांडले नाही. त्याने त्याची गोष्ट सांगितली.

ग्रंथाच्या आरंभी मात्र तो आपली रीत स्पष्ट करतो. पूर्वसूरींचे अकरा ग्रंथ पाहिले, नीलमत पुराण पाहिले, असे तो म्हणतो. देवळांच्या प्रतिष्ठेचे लेख, दानपत्रे, प्रशस्ती, जुनी शास्त्रे यांवरून शंका फेडून घेतल्या, असेही म्हणतो. क्षेमेंद्रासारख्या मोठ्या कवीच्या नृपावलीला तो काव्य म्हणून मान देतो, पण निष्काळजीपणामुळे तिचा एकही भाग निर्दोष उरला नाही, हे सांगायला कचरत नाही. आणि जुने प्रसंग सांगताना ज्याची वाणी न्यायाधीशासारखी राग आणि द्वेष यांच्या बाहेर राहते, तोच कवी वाखाणण्याजोगा, असा त्याचा आदर्श. इतिहासकाराला न्यायाधीशाची उपमा! सहाव्या तरंगात ती उपमा जणू देह धारण करते. नेमलेले न्यायाधीश खत वाचून थांबतात. यशस्कर खताच्या मागची वही मागवतो. कल्हणाने स्वतःचे चित्र ग्रंथात कुठे काढलेले नाही, वडिलांचे, हर्षराजाच्या अमात्याचे, चण्पकाचे नाव तेवढे दिसते. पण वही उघडून खर्चाच्या बाजूवर बोट ठेवणाऱ्या त्या राजात मला कल्हणच बसलेला दिसतो.

या कथेला लागूनच तो दुसरी सांगतो, आणि गंमत अशी की तिच्यातही विहीर आहे. परदेशातून शंभर सुवर्णमुद्रा मिळवून आलेल्या एका ब्राह्मणाची गाठ विहिरीत पडते. एक माणूस विचारतो, काढून दिली तर मला काय द्याल? हताश ब्राह्मण म्हणतो, तुला आवडेल ते दे. तो गाठ काढतो, दोन मुद्रा ब्राह्मणाच्या हातावर ठेवतो आणि 98 आपल्याकडे राखतो. शब्द दिलेला आहे, शब्द पाळला आहे, तक्रार कसली? यशस्कर निवाडा करतो: याला आवडल्या त्या 98. आणि द्यायचे ठरले होते ते याला आवडेल ते. तेव्हा 98 ब्राह्मणाच्या, दोन याच्या. पहिल्या कथेत अक्षर बदलून शब्द खोटा झाला; दुसऱ्या कथेत शब्द जसाच्या तसा ठेवून अर्थ खोटा झाला. दोन्ही वेळा राजा भाषेच्या पोटात हात घालून खरे बाहेर काढतो. दोन्ही कथा लोककथेच्या वळणाच्या आहेत, कल्हण यशस्करानंतर दोनशे वर्षांनी लिहितो आहे आणि त्याच्या कानावर त्या लोकांच्या तोंडूनच आल्या असतील, हे आपण मान्य करू. म्हणून त्यांची गोडी उणावते थोडीच?

शिवाय कल्हण या राजाचा देव्हारा करत नाही. परक्या घरच्या खतातले एक अक्षर ज्याच्या नजरेतून सुटले नाही, त्याच यशस्कराला आपल्या अंतःपुरातली आवडती लल्ला रात्रीच्या पहारेकऱ्याकडे जाते, हे बराच काळ दिसले नाही, हेही तो तितक्याच शांतपणे नोंदवतो. शांत हा आपल्या काव्याचा मुख्य रस, असे त्याने आधीच सांगून ठेवले आहे. शांत रस म्हणजे केवढे कठोर पाहणे असते, ते अशा ठिकाणी कळते.

अक्षरांचे हे नाट्य ग्रंथाच्या आत संपले असते तर एक वेळ ठीक होते. पण 'राजतरंगिणी' आपल्यापर्यंत आली तीही एका वहीच्या शोधातूनच. सतराव्या शतकात राजानक रत्नकंठ या काश्मिरी पंडिताने केलेली शारदा लिपीतली नक्कल हा मोठा आधार. संस्कृतचे अभ्यासक ब्यूलर यांनी 1875 मध्ये तिची झलक पाहिली, पण ती हाती लागली नाही. मालकाच्या पश्चात वारसांनी पोथीच तीन भागांत वाटून घेतली होती, घर वाटावे तशी! 1889 मध्ये ऑरेल स्टाइनला ते तिन्ही तुकडे मिळाले. तिच्या समासांत वेगवेगळ्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या आणि पाठभेद होते. कुठला हात कुणाचा, कुठले अक्षर मूळचे आणि कुठले मागाहून घातलेले, हे त्याने निवडून काढले. म्हणजे तेच काम: 'र' कुठे होता आणि 'स' कुणी केला. ती संस्कृत आवृत्ती 1892 मध्ये मुंबईत छापली गेली, आणि 1900 मध्ये दोन खंडांत तिचा सटीप इंग्रजी अनुवाद आला. त्या कष्टांत स्टाइनला पंडित गोविंद कौल यांची मोठी साथ होती. त्याच सुमारास पंडित दुर्गाप्रसादांची आवृत्तीही बॉम्बे संस्कृत सिरीजमधून निघाली. पुढे कोकणातल्या घराण्यातले रणजित सीताराम पंडित यांनी तुरुंगवासात या काव्याचा इंग्रजी अनुवाद केला. 1935 मध्ये तो नेहरूंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. गजाआड बसलेल्या माणसाला यशस्कराचा निवाडा वाचताना काय वाटले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तो निवाडा असा: वाण्याला राजाने देशाबाहेर घालवले आणि त्याचे घर, मालमत्ता त्या उपाशी माणसाला दिली. लेखनिकाला आधीच अभय दिले होते, म्हणून तो बोलला.

तुम्ही 'राजतरंगिणी' उघडाल तर पहिल्या तरंगापासून आरंभ करू नका. तिथे पुराणांतले राजे आहेत, आणि तिसऱ्या तरंगात तर रणादित्य नावाचा एकच राजा 300 वर्षे राज्य करतो. माणूस तिथेच पुस्तक मिटतो. सहाव्यापासून वाचा. विहीर सुरुवातीलाच लागेल, आणि दिद्दा राणी थोडे पुढे.